वर्गात मुसोलिनी आला की भांडण सुरू होतं

पत्र:

सर, नमस्कार. मी तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. टी. वाय.चा ‘आधुनिक जगाचा इतिहास’ माझ्याकडे आहे. इटलीतला फॅसिझम आणि जर्मनीतला नाझीवाद हा घटक आला की मुलं गाईडमधली ‘उदयाची कारणे’ आणि ‘वैशिष्ट्ये’ पाठ करतात, दहा गुणांचा प्रश्न सुटतो, विषय संपतो. यंदा एका मुलाने मोबाइलवर आलेली ‘फॅसिझमची १४ लक्षणे’ वर्गात मोठ्याने वाचली. अर्ध्या वर्गाने एका पक्षाकडे बोट दाखवलं, उरलेल्यांनी दुसऱ्या. एक म्हणाला, “डॉ. मुंजे मुसोलिनीला भेटले होते.” दुसरा म्हणाला, “मग गांधी नव्हते का भेटले?” मला दोघांनाही उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा प्राचार्यांना फोन: मॅडम वर्गात राजकारण करतात. प्राचार्य म्हणाले, घटक लवकर उरका.

विचारायचं ते असं. फॅसिझमची नेमकी व्याख्या कोणती सांगू? मोठे अभ्यासक हा विषय कसा अभ्यासतात आणि शिकवतात? अमेरिकेतल्या एका शिक्षकाने आपला वर्गच काही दिवस फॅसिस्ट करून दाखवला, असा व्हिडिओ पाहिला. तसं काही करून बघू का? आणि मुलांनी आजचं विचारलं तर काय बोलू?

उत्तर:

मॅडम, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. व्याख्या सांगू नका. घटक संपताना सांगा हवी तर, पण पहिल्या तासाला नको. रॉबर्ट पॅक्स्टन हे या विषयातलं मोठं नाव. फॅसिझमवरच्या त्यांच्या २००४ च्या पुस्तकात व्याख्या आहे, पण शेवटच्या प्रकरणात. तोवरची सगळी पानं कुणी, कुठे, केव्हा, कुणाच्या मदतीने काय केलं, यात खर्ची पडली आहेत. आपल्याकडे उलटा कारभार. व्याख्या फळ्यावर, मग वैशिष्ट्ये, मग त्या वैशिष्ट्यांत कोंबलेल्या घटना. मुलांच्या हाती आपणच शिक्का देतो आणि तो ती दिसेल त्याच्या पाठीवर मारत सुटली की दचकतो.

दुसरं असं की व्याख्येवर अभ्यासकांचंच एकमत नाही. रॉजर ग्रिफिन म्हणतात, राष्ट्र रसातळाला गेलंय आणि आता त्याचा पुनर्जन्म होणार, हे मिथक फॅसिझमचा गाभा. मुसोलिनीचं अनेक खंडांचं चरित्र लिहिणारे रेन्झो दे फेलीचे बजावून गेले की इटली आणि जर्मनी एकाच पोत्यात घालू नका. त्यावरून १९७५ मध्ये इटलीत मोठं वादळ उठलं. स्टॅन्ली पेन फॅसिस्ट, जहाल उजवे आणि परंपरावादी हुकूमशहा अशा तीन वेगळ्या रांगा लावतात. हुआन लिन्झ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनवर लिहिताना आणखी एक प्रकार बाजूला काढला: थोडीफार मोकळीक शिल्लक असते, पक्की विचारसरणी नसते, आणि लोकांना रस्त्यावर उतरवण्यापेक्षा घरी बसवण्यातच सरकारला रस असतो. आपली १९७५ ची आणीबाणी यांपैकी कुठे बसते, हे मुलांना विचारून बघा. अटका, सेन्सॉर सगळं होतं. आणि मार्च १९७७ मध्ये निवडणूक घेऊन सरकार हरलं, हेही होतं. कोणत्याच चौकटीत ती नीट मावत नाही. मुलांना ते खटकायला हवं.

त्या १४ लक्षणांबद्दल. ती यादी लॉरेन्स ब्रिट नावाच्या अमेरिकन लेखकाने २००३ मध्ये एका नियतकालिकात लिहिली. तो इतिहासाचा प्राध्यापक नव्हता, नावामागचं ‘डॉ.’ फॉरवर्ड करणाऱ्यांनी चिकटवलेलं. तिचं पोस्टर वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाच्या दुकानात विकायला होतं, तेवढ्यावरून ‘संग्रहालयाने जाहीर केलेली लक्षणे’ अशी तिची ख्याती झाली. उंबेर्तो इको यांचीही १९९५ ची १४ मुद्द्यांची मांडणी आहे, ती वेगळी आणि कितीतरी सखोल. लोक दोन्हींची गल्लत करतात. एक तास या फॉरवर्डवरच घालवा: कुणी लिहिलं, कधी, कुठून आलं, मध्ये काय काय चिकटलं. साधनचिकित्सा शिकवायला इतकं आयतं उदाहरण मिळायचं नाही, आणि यात कुठल्याच पक्षाचा संबंध येत नाही.

आता अभ्यासक कसे काम करतात ते. पॅक्स्टन पायऱ्या पाहायला सांगतात: चळवळ उभी राहते, राजकारणात मूळ धरते, सत्ता मिळवते, सत्ता राबवते, आणि शेवटी एकतर आणखी जहाल होते किंवा थिजून जाते. दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात अशा चळवळी जवळपास सगळीकडे निघाल्या. बहुतेक दुसऱ्या पायरीच्या आसपासच संपल्या. इंग्लंडात मोस्ले या पुढाऱ्याचे काळे शर्ट घालणारे फॅसिस्ट होते, सत्तेच्या जवळपासही पोचले नाहीत. म्हणून खरा प्रश्न ‘फॅसिझम का आला’ यापेक्षा ‘इथे पुढे सरकला आणि तिथे अडला, ते का’ असा होतो. या प्रश्नासमोर गाईडमधली कारणं लंगडी पडतात.

उदाहरणार्थ, ‘चलनवाढीमुळे हिटलर सत्तेवर आला’ हे वाक्य मी हजारो उत्तरपत्रिकांत वाचलं असेल. जर्मनीतली ती भयानक चलनवाढ १९२३ ची. त्यानंतर १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतं मिळाली २.६ टक्के. १९३० मध्ये १८.३. जुलै १९३२ मध्ये ३७.३. नोव्हेंबर १९३२ मध्ये उलट घसरून ३३.१. हे चार आकडे फळ्यावर लिहा आणि शांत उभ्या राहा. कुणीतरी विचारेलच, “मॅडम, मतं कमी झाल्यावर तो चॅन्सेलर कसा झाला?” ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला नेमलं. माजी चॅन्सेलर पापेन वगैरे मंडळींना वाटलं होतं की मंत्रिमंडळात आपलीच माणसं जास्त, याला आपण खिशात ठेवू. महिन्याभरात राइशस्टागला, म्हणजे संसद भवनाला, आग लागली, दुसऱ्या दिवशी नागरी हक्क स्थगित करणारा वटहुकूम निघाला, आणि ५ मार्चच्या निवडणुकीत, रस्त्यावर दहशत असताना आणि कम्युनिस्ट पुढारी तुरुंगात असताना, नाझींना मिळाले ४३.९ टक्के. बहुमत तेव्हाही नाही. मग २३ मार्चला संसदेनेच आपले अधिकार ४४४ विरुद्ध ९४ मतांनी त्याच्या हाती दिले. विरोधी ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. मध्यममार्गी पक्षांनी बाजूने मतं दिली. कोणी का दिली, हा तासभराचा विषय आहे.

इटलीचंही असंच तारखांनी शिकवा. २८ ऑक्टोबर १९२२ ची सकाळ घ्या. फॅसिस्ट टोळ्या पावसात भिजत रोमच्या दिशेने निघालेल्या. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून राजापुढे ठेवला. राजा व्हिक्टर इमॅन्युएलने सही नाकारली. स्वतः मुसोलिनी मोर्चात नव्हताच. तो मिलानमध्ये होता आणि बोलावणं आल्यावर रात्रीच्या गाडीच्या शयनयानात झोपून रोमला आला. ५३५ जणांच्या सभागृहात त्याचे खासदार होते ३५. मुलांना विचारा: त्या सकाळी राजापुढे कोणते पर्याय होते? लष्करापुढे? जुन्या उदारमतवादी पुढाऱ्यांपुढे? ‘तेव्हा त्यांना काय ठाऊक होतं’ एवढ्यावरच उत्तर द्यायचं, पुढचं महायुद्ध मध्ये आणायचं नाही. हा नियम कडक पाळा. मुलांना शेवट ठाऊक असतो, म्हणून मधला प्रत्येक माणूस त्यांना मूर्ख नाहीतर लुच्चा वाटतो.

त्याच्या पुढची मात्तेओत्तीची हकिगत गाईडमध्ये एका ओळीत असते, कधी तीही नसते. १९२३ मध्ये मुसोलिनीने निवडणूक कायदा बदलून घेतला: सर्वांत पुढे असलेल्या यादीला २५ टक्के मतं मिळाली की दोनतृतीयांश जागा तिच्या. एप्रिल १९२४ ची निवडणूक मारहाणीत पार पडली. ३० मे रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती सभागृहात उभा राहिला आणि आरडाओरड्यातच, कुठे उमेदवाराला मारलं, कुठे सभा होऊ दिली नाही, हे सांगत निकालच रद्द करा म्हणाला. १० जूनला भर दिवसा रोममध्ये त्याला मोटारीत कोंबून पळवलं. प्रेत सापडलं १६ ऑगस्टला. देश हादरला, सरकार डगमगलं. विरोधकांनी निषेध म्हणून सभागृह सोडलं आणि राजा काहीतरी करील म्हणून वाट पाहत बसले. राजाने काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने त्याच सभागृहात सगळी जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आणि ‘करा काय करायचं ते’ अशा थाटात उभा राहिला. कुणी काही केलं नाही. हुकूमशाही खरी तिथून. १९२२ ते १९२५ ही सव्वादोन वर्षं गाईडमधून गायब असतात आणि शिकवण्याजोगं जवळजवळ सगळं तिथेच आहे.

राजधानी सोडून गावात उतरणारे अभ्यासक मला जास्त आवडतात. विल्यम शेरिडन ॲलन नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९६५ मध्ये एकाच जर्मन गावाचा अभ्यास छापला. लोकांनी मोकळेपणी बोलावं म्हणून गावाचं नाव बदलून ‘थालबुर्ग’ ठेवलं. खरं नाव नॉर्थाइम, वस्ती दहा हजारांच्या आसपास. त्याला दिसलं ते असं: गावातल्या नाझी शाखेचा खर्च फारसा वरून येत नव्हता, सभांना तिकीट लावून ती स्वतःच पैसे उभे करत होती. कोणत्या विषयावरच्या सभेला गर्दी होते ते पाहून पुढची सभा ठरे. गावातला पुस्तकांचा दुकानदार, सगळ्यांच्या मानातला सज्जन माणूस, पक्षात होता. तो आहे म्हणजे पक्ष बरा असणार, असं शेजाऱ्यांनी धरलं. आणि १९३३ नंतर गाण्याचं मंडळ, नेमबाजीचं मंडळ, सगळी मंडळं एकेक करून पक्षाच्या हाताखाली गेली. मग चार माणसांनी पक्षाच्या नजरेबाहेर एकत्र बसायला जागाच उरली नाही. ज्यूद्वेषापेक्षा समाजवादी कामगारांची भीती तिथल्या मध्यमवर्गाला नाझींकडे ढकलत होती, असं ॲलन म्हणतो. यावर पुढे वाद झाले, पण पद्धत टिकली.

जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, कागदपत्रं जाळपोळीतून वाचली. इतिहासकार रॉबर्ट गेलाटली यांनी ती चाळली. सगळीकडे डोळे असलेलं सर्वशक्तिमान पोलीस खातं त्यांना सापडलं नाही. माणसं मोजकीच होती. ज्यू माणसाशी संबंध ठेवल्याच्या गुन्ह्यांची निम्म्याहून जास्त प्रकरणं शेजारी, सहकारी, नातेवाईक यांच्या चुगल्यांवरून उभी राहिलेली. काही चुगल्यांमागे विचारसरणी, बऱ्याच चुगल्यांमागे जुनी भांडणं.

एकच कागद दोघे कसा वाचतात, याचंही एक उदाहरण वर्गात हवंच. हॅम्बुर्गच्या राखीव पोलीस तुकडी १०१ मधल्या माणसांचे जबाब १९६० च्या दशकात घेतले गेले. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफूफ गावी या तुकडीने सुमारे १५०० ज्यूंना मारलं. त्यात बायका, मुलं, म्हातारी माणसं. त्या सकाळी कमांडर ट्रापने सांगितलं होतं, ज्या वयस्कर लोकांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. जवळपास पाचशेतले डझनभर बाजूला झाले. ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांना या जबाबांत गटाचा दबाव, सवय, बढतीची आस दिसली. डॅनियल गोल्डहागेन यांना १९९६ मध्ये त्याच जबाबांत मुरलेला ज्यूद्वेष दिसला. पण गोळ्या झाडल्या की नाही, यावर दोघांत वाद नाही. तो कारणांवर आहे. हा फरक मुलांना कळला तर अर्धी लढाई जिंकलात.

आता मुलांना हात लावता येईल असं उदाहरण सांगतो, कारण इटली-जर्मनी त्यांना फार लांबची वाटते. गोवा घ्या. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत गोवा ज्या राजवटीखाली होता, ती नुसती पोर्तुगीज सत्ता नव्हती, सालाझारची हुकूमशाही होती. आपण गोवामुक्ती शिकवतो ती वसाहतवादाच्या खात्यात, आणि हुकूमशाह्या शिकवतो त्यात पोर्तुगालचं नावही घेत नाही. एका विषयाचे दोन तुकडे दोन सेमिस्टरला.

सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. (आपल्या व्यवसायातला माणूस. भाषणबाजीचा कंटाळा, गर्दीचा तिटकारा, आणि वसाहतींत कधी पाऊलही टाकलं नाही.) १९२६ च्या लष्करी उठावानंतर १९२८ मध्ये अर्थमंत्री, १९३२ मध्ये पंतप्रधान, १९३३ मध्ये नवी राज्यघटना, आणि १९६८ पर्यंत खुर्चीत. १९३३ चा कामगार कायदा मुसोलिनीच्या कामगार सनदेवरून बेतलेला. १९३६ मध्ये मुलांची गणवेशातली संघटना निघाली, हात उंचावून सलाम करणारी. त्याच वर्षी केप व्हर्द बेटांवर ताराफाल इथे राजकीय कैद्यांची छावणी. राजकीय पोलिसांचं नाव १९४५ पासून पीदे. हे वाचून मुलं म्हणतील, झालं, हा फॅसिझमच. मग दुसरी बाजू सांगा: पोर्तुगालमध्ये खरोखरचे निळे शर्टवाले फॅसिस्ट होते, आणि त्यांच्या संघटनेवर १९३४ मध्ये सालाझारनेच बंदी घातली. त्याचा स्वतःचा पक्ष वरून काढलेला, सरकारी, आळशी. त्याला जनता रस्त्यावर नको होती, शेतात आणि चर्चमध्ये हवी होती.

म्हणून पोर्तुगीज अभ्यासकांत आजही दोन फळ्या आहेत. फर्नांदु रोझाश, जे स्वतः त्या राजवटीच्या तुरुंगात राहून आलेत, तिला फॅसिझमचाच पोर्तुगीज अवतार मानतात. आंतोनियु कोश्ता पिंटु यांना ती फॅसिझमपासून वेगळी ठेवावीशी वाटते. मानुएल द लुसेना यांनी मधला तोडगा काढला: फॅसिस्ट चळवळ नसलेला फॅसिझम. वर्गाचे दोन गट करा, दोघांनाही हीच माहिती द्या, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलायला लावा. सालाझारसाठी आपल्याकडे कुणी गळा काढत नाही, त्यामुळे भांडण होत नाही, आणि युक्तिवाद मात्र तोच शिकून होतो.

मग गोव्यात या. १९३० च्या वसाहत कायद्याने लिहून ठेवलं की परमुलुख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत करणं’ हा पोर्तुगीज राष्ट्राच्या प्रकृतीचाच भाग आहे. सभेला परवानगी हवी, छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायचा. त्या काळच्या पोर्तुगीज वर्तमानपत्रांवर ‘सेन्सॉरने पाहिले’ अशा अर्थाची एक बारीक ओळ छापलेली असायची. तिचा फोटो मिळवून वर्गात फिरवा. लग्नपत्रिकासुद्धा मंजूर करून घ्यावी लागे, असं त्या पिढीचे गोवेकर सांगतात. अशी आठवण तपासायची कशी, हा मुलांना प्रकल्प द्या: जुनी पत्रिका शोधा, तिच्यावर शिक्का आहे का पाहा. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात सभा घेतली, आणि त्यानंतर त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे अशांना पकडून हद्दपार केलं, पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात. त्याच किल्ल्यात पोर्तुगालचे स्वतःचे राजकीय कैदी होते. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. सांगलीहून जाऊन गोव्यात मास्तरकी करणारे मोहन रानडे १९५५ मध्ये पकडले गेले आणि १९६९ च्या जानेवारीत सुटले; गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी ते लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये राजवट कोसळली, तेव्हा लोकांनी याच काशियशचे दरवाजे उघडायला लावले. रानड्यांच्या आठवणी मराठीत आहेत, तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात विचारा.

आणि २००७ मध्ये पोर्तुगीज सरकारी टीव्हीने ‘महान पोर्तुगीज कोण’ असा फोनवरचा कौल घेतला, त्यात सालाझार ४१ टक्क्यांनी पहिला आला. दुसरा आला आल्वरु कुन्याल, त्याच्याच पेनिशच्या तुरुंगातून पळालेला कम्युनिस्ट पुढारी. फोन कोण करतो, का करतो, अशा कौलाचा अर्थ किती लावायचा, हे मुलांवर सोडा.

मुंजे आणि गांधी. दोन्ही मुलं खरं बोलली, दोघांनाही तसं सांगा. हिंदू महासभेचे नेते बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले. त्यांच्या रोजनिशीत ते आहे, आणि इटालियन अभ्यासक मार्झिया काझोलारी यांनी २००० साली त्यावर लेख लिहिला. तिथल्या मुलांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था त्यांनी पाहिल्या, त्या आवडल्याचं लिहिलं, आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. गांधी त्याच वर्षी डिसेंबरात भेटले. नंतर फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना त्यांनी कळवलं ते असं: हा माणूस कोडं आहे, त्याच्या काही सुधारणा आकर्षक वाटतात, लोखंडी हात आहेच, तरी निःपक्षपाती अभ्यास व्हायला हवा. गांधीभक्तांना हे वाचून अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या. टागोर १९२६ मध्ये इटलीचे पाहुणे झाले, चार कौतुकाचे शब्द बोलले, आणि बाहेर पडून निर्वासितांकडून हकिगत ऐकल्यावर मँचेस्टरच्या दैनिकात जाहीर पत्र लिहून मोकळे झाले. केसरीसारख्या आपल्या वृत्तपत्रांनीही त्या दोन दशकांत इटलीवर सातत्याने लिहिलं, कौतुकासकट.

म्हणजे भेट झाली का, हा प्रश्न फार लवकर संपतो. पुढचे प्रश्न लावा: भेटून काय लिहिलं? परत येऊन काय केलं? जे केलं ते इटलीवरून घेतलं, की आधीपासून मनात होतं आणि इटलीत त्याला दुजोरा मिळाला? काझोलारी थेट प्रभाव दाखवतात. क्रिस्तोफ जाफ्रलो यांच्यासारखे अभ्यासक हिंदू राष्ट्रवादी संघटनेचा रोख सत्ता बळकावण्यापेक्षा समाज घडवण्यावर होता, हा फरक पुढे करतात. दोन्ही वाचायला द्या आणि मुलाला कागद दाखवून बोलायला लावा. जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयात बाइंडिंग केलेले अंक असतील, तर नोव्हेंबर १९२२ आणि फेब्रुवारी १९३३ चे खंड काढायला सांगा: आपल्या गावात तेव्हा या बातम्या कशा आल्या?

व्हिडिओतला प्रयोग करू नका. कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या एका शाळेत रॉन जोन्स नावाच्या शिक्षकाने १९६७ मध्ये तो केला. घोषणा, सलाम, सभासदपत्रं, आणि काही दिवसांत हाताबाहेर. त्याची बरीचशी हकिगत जोन्सनेच काही वर्षांनी लिहिली आहे, हे एक. पण माझा खरा आक्षेप दुसरा. तुमच्या वर्गात आडनावांवरून जात कळते, वसतिगृहावरून गट कळतात. तिथे पट्ट्या बांधून ‘आपले’ आणि ‘ते’ पाडलेत, तर घंटा झाल्यावर ते सगळं थांबत नाही. ज्याला आठवडाभर ‘ते’ केलं, तो मुलगा मेसमध्येही ‘ते’च राहतो. शिवाय मुलं काय शिकतात? हुकूम पाळणं सोपं असतं, एवढंच. राजाने सही का नाकारली आणि नॉर्थाइमच्या दुकानदारावर लोकांनी भरवसा का टाकला, हे त्यातून कळत नाही.

राहिलं आजचं. यावर जर्मन लोकांनी बराच विचार केलेला आहे, त्यांना भाग होतं. १९७६ मध्ये, शाळेतल्या राजकीय शिक्षणावरून तिथले पक्ष हातघाईवर आले असताना, बॉयटेल्सबाख नावाच्या गावी तज्ज्ञांची बैठक झाली. तिथे मतदान वगैरे झालं नाही, पण नंतर टिपणात उतरलेली तीन सूत्रं आजही जर्मन शिक्षक पाळतात. शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादून त्याला चितपट करायचं नाही. अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. आणि विद्यार्थ्याला परिस्थिती पाहून स्वतःचं हित ओळखता येईल, त्यासाठी काही करता येईल, इतकं सक्षम करायचं. याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असा नाही. सालाझार फॅसिस्ट होता का, हे वादग्रस्त. छळछावण्या होत्या का, हे नाही.

तेव्हा मुलाने आजचं विचारलं तर त्याला गप्प करू नका. अट घाला: तुलना करायची तर साम्यं तीन आणि फरकही तीन, प्रत्येकाला तारीख आणि पुरावा. ज्या पक्षावर बोट दाखवतोस त्याच्या बाजूनेही पाच वाक्यं. यात निम्मी मुलं आपोआप माघार घेतील आणि उरलेली खरोखर काम करतील. तुम्हाला तुमचं मत विचारलं तर एकदा, हे माझं मत आहे असं म्हणून सांगा किंवा सांगू नका, दोन्ही चालतं. पण विरुद्ध मत मांडणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत हे वर्गाला दिसलं पाहिजे, म्हणून उत्तरं तपासताना नावं झाका.

तासिका तत्त्वावर आहात, उद्या तास कमी झाले तर घर कसं चालायचं, ही भीती खरी आहे आणि तुम्हाला शौर्याचे धडे द्यायचा मला अधिकार नाही. १९३१ मध्ये इटलीतल्या विद्यापीठांतल्या सुमारे १२०० प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. नकार दिला डझनभरांनीच. पण तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचेसारख्या विरोधकानेही काहींना सही करून वर्गात टिकून राहा असंच सांगितलं होतं. तुमच्यापुढे शपथ नाही, एक वैतागलेला पालक आहे.

प्राचार्यांशी तोंडी वाद घालू नका, एक पान लिहून द्या. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातलं घटकाचं शीर्षक जसंच्या तसं वर, खाली तासवार टाचण: पहिला तास फॉरवर्डची चिकित्सा, दुसरा १९२२, तिसरा मात्तेओत्ती, चौथा जर्मनीचे आकडे, मग नॉर्थाइम, मग गोवा. विभागप्रमुखांची सही घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. पालकांना गोव्याच्या तासाला बोलवा. त्यांच्या घरात कुणी सत्याग्रहाला गेलेलं निघण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. विद्यापीठाचा पेपर तुमच्या हातात नाही, त्यासाठी ‘वैशिष्ट्ये’ शेवटच्या तासाला सांगून टाका, मुलांचे दहा गुण बुडायला नकोत. अंतर्गत मूल्यमापनाला मात्र असा प्रश्न काढा: ‘१० जून १९२४ ते ३ जानेवारी १९२५ या काळात मुसोलिनीला कोण थांबवू शकलं असतं? कोणत्याही दोघांबद्दल लिहा.’ उत्तरं आली की त्यातली दोन-चार मला पाठवा, वाचायला आवडतील.